असिंक कोडच्या टेस्ट: वेळ आणि क्रम आपल्या ताब्यात

असिंक कोडची, म्हणजे काम सुरू करून निकाल नंतर देणाऱ्या कोडची, टेस्ट दोन्हीकडून फसवते. कोड चुकला असताना हिरवी (पास) राहते आणि कोड बरोबर असताना अधूनमधून लाल (फेल) होते. पहिल्या प्रकाराचा कुणाला पत्ता लागत नाही. दुसऱ्याचा लागतो, पण चार वेळा तसं झालं की "पुन्हा चालव, होईल पास" म्हणायची सवय लागते आणि त्या टेस्टकडे कुणी बघेनासं होतं. दोन्ही दुखण्यांचं मूळ सारखंच आहे: काय कधी घडेल आणि कशाच्या आधी घडेल, हे टेस्टने ठरवलेलं नसतं. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टी टेस्टच्या ताब्यात आणण्यासाठी आहेत.

उदाहरण शेवटपर्यंत एकच घेऊ. इंदुरात चांगलं मराठी नाटक आलं की खंडवा रोडवरच्या विद्यापीठाच्या सभागृहात किती गर्दी होते, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. समजा, एका मराठी मंडळासाठी आपण तिकिटांचं ॲप लिहितोय. प्रेक्षकाने खुर्ची निवडली की ती ५ मिनिटं त्याच्यासाठी धरून ठेवायची. तेवढ्यात पैसे आले तर पक्की, नाहीतर मोकळी. पैसे आल्याची खबर पेमेंट गेटवे वेबहुकने, म्हणजे आपल्या सर्व्हरला स्वतःहून मेसेज पाठवून, देतो. शेवटी एसएमएस जातो. एवढ्याशा कामात टायमर, नेटवर्क, मेसेजची रांग आणि एकाच खुर्चीवर डोळा ठेवून बसलेली दोन माणसं, सगळं आलं.

सुपर कॉरिडॉरवरच्या ऑफिसांत नोडवाले (जावास्क्रिप्टवाले) आणि पायथनवाले शेजारी-शेजारी बसतात, म्हणून साधनांची नावं दोन्हीकडची देतो. कोडचे तुकडे मात्र मराठीतच लिहिले आहेत, ते आपापल्या भाषेत उतरवून घ्या.

पायरी १: खोटी हिरवी बंद करा

टेस्ट रनर तुमचं फंक्शन चालवतो. ते परत आलं आणि मध्ये काही एरर फेकली गेली नाही, तर टेस्ट पास. फंक्शनने प्रॉमिस, म्हणजे नंतर येणाऱ्या निकालाची पावती, परत दिलं तर रनर त्याच्या निकालापर्यंत थांबतो. नाही दिलं तर आत अजून काही बाकी आहे हे त्याला कळायला मार्गच नाही. सवारी चढली की नाही न बघता घंटी मारणाऱ्या सरवटे स्टँडवरच्या कंडक्टरसारखा तो पुढच्या टेस्टला निघतो. मागे राहिलेलं एक्सपेक्ट (तपासणीची ओळ) नंतर कधीतरी फेल होतं. ते अपयश एक तर हवेत विरतं, नाहीतर दुसऱ्याच टेस्टच्या नावावर चढतं.

म्हणून पहिला नियम: टेस्ट असिंक असेल तर आतल्या प्रत्येक असिंक कामापुढे अवेट (निकालापर्यंत थांब) हवं, तपासणीपुढेसुद्धा. जेस्ट या जावास्क्रिप्टच्या टेस्ट रनरमध्ये रिजेक्ट्स किंवा रिझॉल्व्ह्ज वापरून लिहिलेली ओळ स्वतःच एक प्रॉमिस असते. तिच्यापुढचं अवेट राहिलं तर ती ओळ शोभेची. टाइपस्क्रिप्ट असेल तर लिंटरचा (कोड न चालवता चुका दाखवणाऱ्या साधनाचा) नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस हा नियम आजच चालू करा. सुटलेलं अवेट माणसाच्या नजरेतून निसटतं, लिंटरच्या नाही.

याच जातीचे आणखी काही सापळे आहेत.

फॉरईचच्या आत असिंक फंक्शन दिलं तर फॉरईच त्याची वाट बघत नाही. दहा खुर्च्यांवर फिरून दहा तपासण्या लिहिल्या तरी एकही टेस्टच्या आयुष्यात पूर्ण होईल याची खात्री नाही. साधा फॉर-ऑफ लूप लावा किंवा प्रॉमिस-ऑल.

एरर यायलाच हवी अशी टेस्ट बरेच जण ट्राय-कॅचने लिहितात आणि तपासणी कॅचच्या आत ठेवतात. कोडने एरर फेकलीच नाही तर कॅच चालत नाही आणि टेस्ट खुशाल पास होते. रिजेक्ट्स वापरा. तसं जमत नसेल तर टेस्टच्या पहिल्या ओळीत एक्सपेक्ट-असर्शन्स लावून किती तपासण्या व्हायलाच हव्यात ते सांगा.

मोका या दुसऱ्या रनरमध्ये डन हा कॉलबॅकही घेतला आणि प्रॉमिसही परत दिलं, तर तिसऱ्या आवृत्तीपासून तो सरळ एरर देतो. बरं करतो. नवीन टेस्टमध्ये डन वापरायचं कारण फक्त एकच: समोरची लायब्ररी जुनी, कॉलबॅकवाली असणं.

पायथनकडे पाहिलं तर साध्या टेस्टकेस वर्गात असिंक मेथड लिहिली की आतली कोरूटीन (थांबत-थांबत चालणारं काम) तयार होते, पण चालतच नाही. त्यासाठी आयसोलेटेड-असिंकआयओ-टेस्टकेस हा वेगळा वर्ग ३.८ आवृत्तीपासून आहे. पायटेस्ट वापरत असाल तर पायटेस्ट-असिंकआयओ प्लगिन हवं. ते नसेल तर जुन्या आवृत्त्या असिंक टेस्ट वॉर्निंग देऊन गाळत असत, ८.४ पासून फेल करतात. शिवाय पायटेस्टच्या सेटिंगमध्ये सगळ्या वॉर्निंगना एरर करा, म्हणजे "कोरूटीन वॉज नेव्हर अवेटेड" ही ओळ लॉगच्या ढिगाऱ्यात हरवणार नाही. आणि असिंकमॉक (असिंक फंक्शनच्या जागी ठेवलेलं खोटं फंक्शन) वापरताना "कॉल झाला का" एवढंच विचारू नका, "अवेट झाला का" ते विचारा. कोडमध्ये अवेट विसरलं असेल तरी कॉल झालेला असतोच. एसएमएस पाठवायचं फंक्शन बोलावलं, पण एसएमएस गेलाच नाही, ही चूक नेमकी तिथेच लपते.

प्रत्येक नवी टेस्ट लिहिल्यावर अपेक्षित उत्तर मुद्दाम चुकीचं करून ती लाल होते का ते बघा. साध्या कोडसाठी ही शिस्त ऐच्छिक म्हणता येईल. असिंकसाठी नाही.

पायरी २: निर्णय आणि वाट पाहणं वेगळं करा

फेक टायमर, मॉक वगैरेंकडे वळण्याआधी एक प्रश्न: हे असिंक असायलाच हवं का?

खुर्ची धरल्यावर ५ मिनिटांचा सेटटाइमआउट लावणं हे सगळ्यांच्या मनात आधी येतं. पण सर्व्हर रीस्टार्ट झाला की तो टायमर गेला आणि खुर्ची कायमची अडकली. त्यापेक्षा डेटाबेसमध्ये "अमुक वाजेपर्यंत धरलेली" एवढं लिहावं आणि विचारणा होईल तेव्हा आत्ताच्या वेळेशी ताडून पाहावं. मग मुदत संपली की नाही हा प्रश्न दोन वेळा घेऊन हो-नाही सांगणाऱ्या साध्या फंक्शनचा होतो. त्यात ना अवेट, ना टायमर. ४ मिनिटं ५९ सेकंद, बरोबर ५ मिनिटं, ५ मिनिटं १ सेकंद अशा तिन्ही टेस्ट क्षणात होतात आणि कधीच डळमळत नाहीत. बरोबर ५ व्या मिनिटाला खुर्ची धरलेली मानायची की मोकळी, हा निर्णयही त्या निमित्ताने घ्यावा लागतो.

हेच बाकी ठिकाणी करा. वेबहुक आला, आता काय करायचं? आत्ताची स्थिती आणि आलेली खबर घेऊन "खुर्ची पक्की कर", "परतावा दे" किंवा "काही करू नकोस" असं उत्तर देणारं एक साधं फंक्शन काढा. डेटाबेस आणि गेटवेशी बोलणारा असिंक भाग त्याच्याभोवती पातळ ठेवा. माझ्या मते असिंक टेस्टवर खर्च होणाऱ्या श्रमांतले निम्मे इथेच वाचतात. नवी मुलं ही पायरी टाळतात, कारण मॉक लिहिताना काम केल्यासारखं वाटतं.

जो भाग असिंक उरेल त्याला लागणाऱ्या वस्तू बाहेरून द्या: घड्याळ, झोप म्हणजे अमुक सेकंद थांबणारं फंक्शन, गेटवे, एसएमएस पाठवणारा आणि यादृच्छिक आकडे देणारा. कोडने आतल्या आत थेट "आत्ता किती वाजले" विचारलं की टेस्टच्या हातातून घड्याळ गेलं.

पायरी ३: घड्याळ हातात घ्या

तरीही टायमर उरतातच. पानावरचा उलटा मोजणारा काटा, शोधपेटीतलं डिबाउन्स (टाइप करणं थांबल्यावरच शोधणं), गेटवेने उत्तर दिलं नाही तर पुन्हा प्रयत्न. इथे खोटं घड्याळ लावायचं.

    टेस्ट: मुदत संपताना पानावर सूचना येते
        खोटं घड्याळ लाव
        थांब: पान उघड, खुर्ची "ग-१२" धर
        घड्याळ पुढे: ४ मिनिटं ५९ सेकंद
        तपास: सूचना दिसत नाही
        घड्याळ पुढे: १ सेकंद
        तपास: "मुदत संपली" दिसतं
        खरं घड्याळ परत लाव

जेस्टचे आधुनिक फेक टायमर सायनॉनच्या फेक-टायमर्स लायब्ररीवर उभे आहेत आणि २७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, तेच मूळ पर्याय आहेत. ते सेटटाइमआउटबरोबर डेट-सुद्धा खोटी करतात. व्हीटेस्टमध्येही हेच आहे.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण. घड्याळ पुढे ढकललं, टायमर वाजला, त्याच्या आतल्या फंक्शनमध्ये एक अवेट होतं, आणि तपासणी म्हणते काहीच बदललं नाही. कारण असं: घड्याळ ढकलणारी साधी आज्ञा टायमरचे कॉलबॅक तिथल्या तिथे चालवते, पण अवेटच्या पुढचा भाग मायक्रोटास्कच्या, म्हणजे चालू कोड संपताच करायच्या कामांच्या, रांगेत जातो. ती रांग चालायला तुमच्या टेस्टने आधी वाट मोकळी करून द्यावी लागते. पूर्वी लोक यासाठी टेस्टमध्ये रिकामी प्रॉमिसं अवेट करत बसायचे, एकाने भागलं नाही की दुसरं. तो प्रकार नाजूक असतो, कोडमध्ये एक अवेट वाढलं की टेस्ट मोडते. जेस्ट २९.५ पासून घड्याळ ढकलणाऱ्या आज्ञांची असिंक जोडी मिळते, जी टायमरांच्या मध्ये मायक्रोटास्कही चालू देते. ती वापरा आणि तिच्यापुढे अवेट लावा.

"सगळे टायमर संपव" ही आज्ञा सेटइंटरव्हलवर लावू नका. उलटा काटा दर सेकंदाला नवा टायमर लावतो, त्याला शेवट नाही, आणि जेस्ट एक लाख टायमरांनंतर हात टेकतो. ठरावीक वेळ पुढे ढकला, किंवा फक्त आत्ता लागलेले टायमर चालवा. दुसरं, खोटं घड्याळ आणि खरा डेटाबेस एका टेस्टमध्ये आणू नका. डेटाबेसचा ड्रायव्हर आतून टायमर वापरत असेल तर तो खोट्या घड्याळाकडे बघत बसतो आणि टेस्ट अडकते.

पायथनच्या मूळ संचात असिंकआयओसाठी खोटं घड्याळ नाही. फ्रीझगन तारीख गोठवते, पण असिंकआयओची झोप लवकर संपवत नाही. म्हणून झोपेचं फंक्शन बाहेरून देणं हाच सरळ मार्ग. गेटवेकडे पुन्हा प्रयत्न करणाऱ्या कोडला असं झोप-फंक्शन द्या जे झोपत नाही, फक्त किती सेकंद मागितले ते यादीत लिहितं. मग तपासणी एका ओळीची: यादी १, २, ४ आहे का. या थांबण्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळलेला असेल तर तो आकडाही बाहेरून द्या.

कॉटलिनच्या रनटेस्टमध्ये आणि रस्टच्या टोकिओमध्ये आभासी वेळ तयार मिळते. गो भाषेत सिंकटेस्ट हे पॅकेज १.२५ पासून, म्हणजे २०२५ पासून, पक्कं झालं. ज्यांच्याकडे हे आहे त्यांनी स्वतःचं घड्याळ घडवू नये.

पायरी ४: क्रम हातात घ्या

इंदूरमध्ये पोहे-जिलेबीच्या गाड्यावर टोकन नसतं तरी क्रम कसा सांभाळला जातो हे मला अजून उमगलेलं नाही, पण कोडमध्ये तो आपोआप सांभाळला जात नाही एवढं नक्की. "जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर चालते, तिथे रेस कंडिशन कशी येणार?" हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. येते. दोन अवेटच्या मधल्या फटीत येते, आणि कोण आधी पोचलं यावर निकाल ठरतो.

    खुर्ची_धर(खुर्ची, कोण):
        स्थिती = थांब: कोठार.बघ(खुर्ची)
        जर स्थिती मोकळी नाही: एरर "खुर्ची गेली"
        थांब: कोठार.लिही(खुर्ची, कोण)

राजेंद्र नगरच्या काकू आणि तिलक नगरचे काका एकाच वेळी "ग-१२" दाबतात. दोघांनाही बघताना खुर्ची मोकळी दिसते, दोघंही लिहितात, आणि प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडण्याआधीच एक नाटक होतं. दोन विनंत्या एकदम सोडून टेस्ट लिहिली तर ही फट कधी सापडेल, कधी नाही. ती दर वेळी सापडावी म्हणून मध्ये फाटक बसवायचं.

    टेस्ट: एक खुर्ची, दोन माणसं
        फाटक बंद
        खोटं कोठार: "बघ" झाल्यावर फाटकापाशी थांबतं
        काकू = सुरू कर: खुर्ची_धर("ग-१२", "काकू")
        काका = सुरू कर: खुर्ची_धर("ग-१२", "काका")
        थांब: दोघं फाटकापाशी पोचेपर्यंत
        फाटक उघड
        निकाल = थांब: दोघांचेही निकाल
        तपास: यश बरोबर १, "खुर्ची गेली" बरोबर १

फाटक म्हणजे आपल्या हातून सुटणारं प्रॉमिस. प्रॉमिस-विथ-रिझॉल्व्हर्स हे ईएस२०२४ मध्ये आलं, नोड २२ मध्ये आहे. जुन्या ठिकाणी रिझॉल्व्ह फंक्शन बाहेरच्या चलात काढून ठेवलं की तेच होतं. पायथनमध्ये असिंकआयओचं इव्हेंट. निकाल गोळा करताना प्रॉमिस-ऑल नको. ते पहिल्या अपयशालाच परततं आणि दुसरं काम मागे चालू राहतं. ऑल-सेटल्ड घ्या, पायथनमध्ये गॅदरला अपवाद परत द्यायला सांगा.

ही टेस्ट वरच्या कोडवर दर वेळी लाल होईल. दुरुस्ती काय करता यावर मात्र तिचं पुढचं रूप ठरतं. बघण्याच्याही आधी कुलूप लावलं तर दुसरा माणूस फाटकापाशी पोचणारच नाही आणि टेस्ट वाट पाहत बसेल. अशा वेळी फाटक फक्त पहिल्यासाठी ठेवा: पहिला पोचला की दुसरा सुरू करा, मग फाटक उघडा.

माझा कौल डेटाबेसच्या बाजूने आहे: प्रयोग आणि खुर्ची या जोडीवर युनिक बंधन, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा लिहूच न देणं. कुलूप एका प्रोसेसपुरतं, ॲपच्या दोन प्रती चालू झाल्या की निरुपयोगी. पण बंधनाची टेस्ट खोट्या कोठारावर होत नाही, कारण खोट्या कोठारात तुम्ही लिहिलं तेवढंच असतं. इथे खरा पोस्टग्रेस डेटाबेस लागतो, कंटेनरमध्ये चढवलेला चालेल. आणि दोन वेगवेगळी कनेक्शनं लागतात. बरीच मंडळी प्रत्येक टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून शेवटी रोलबॅक करतात. बाकी टेस्टसाठी ती सोय उत्तम, या टेस्टसाठी घातक. पोस्टग्रेसमध्ये तीच की दुसऱ्या कनेक्शनवरून घालायला गेलं की ते पहिलं ट्रान्झॅक्शन कमिट किंवा रोलबॅक होईपर्यंत थांबतं. पहिलं तर टेस्ट संपल्याशिवाय संपणार नाही. एकमेकांची वाट बघत दोघं बसून राहतात.

फाटकाचा आणखी एक उपयोग मधली अवस्था तपासण्यासाठी. पैसे भरण्याचं बटण दाबल्यावर उत्तर येईपर्यंत ते बंद राहतं का? गेटवेचं उत्तर फाटकाआड ठेवा, बटण तपासा, मग सोडा. आणि शोधपेटीत आधी "ना", मग "नाट" टाइप केल्यावर पहिलं उत्तर उशिरा आलं तर जुनी यादी नव्यावर चढते का? दोन फाटकं, उलट्या क्रमाने उघडा.

पायरी ५: सगळे क्रम फिरवून बघा

पैशांचा मामला असेल तिथे एक-दोन क्रम तपासून भागत नाही. खुर्ची धरल्यानंतर तीन गोष्टी घडू शकतात: मुदत संपते, वेबहुक येतो, प्रेक्षक गेटवेच्या पानावरून आपल्या पानावर परततो. यांचे क्रम ६. ते हाताने लिहायची गरज नाही. क्रमांची यादी तयार करून एकच टेस्ट त्या प्रत्येकावर चालवा. वेबहुक दोनदाही येऊ शकतो, कारण पोच मिळाली नाही की गेटवे तो पुन्हा पाठवतो. तो दुसरा वेबहुक धरला तर क्रम १२ होतात.

प्रत्येक क्रमासाठी वेगळं अपेक्षित उत्तर लिहू नका, दमून जाल. सगळ्यांना लागू पडणारे नियम लिहा. पैसे घेतले असतील तर खुर्ची पक्की किंवा परतावा, दोन्हींपैकी नेमकं एक. परतावा एकापेक्षा जास्त नाही. "तिकीट पक्कं" हा एसएमएस खुर्ची पक्की असेल तरच, आणि एकदाच. एका खुर्चीचा मालक एकच.

मुदत संपल्यावर आलेला वेबहुक आणि तोवर दुसऱ्याने घेतलेली खुर्ची, हा क्रम यात आपोआप येतो का? नाही, त्यासाठी दुसरा प्रेक्षक यादीत घालावा लागेल. घाला. तक्रारींचे फोन त्याच क्रमातून येतात.

पायरी ६: वाट पाहणं टळत नसेल तर

ब्राउझरमधली टेस्ट, खरी मेसेज रांग, दुसऱ्या टीमची सेवा: इथे घड्याळही आपलं नाही आणि क्रमही. तरी "२ सेकंद झोप" लिहू नका. तुमच्या लॅपटॉपवर ते जास्त होतात, सीआयच्या, म्हणजे प्रत्येक बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या, दमलेल्या मशीनवर कमी पडतात. अट लिहा आणि कमाल मुदत द्या, अट पुरी होताच पुढे जा. टेस्टिंग लायब्ररीचं वेटफॉर मूळ सेटिंगमध्ये दर ५० मिलिसेकंदांनी बघतं आणि १ सेकंदानंतर सोडून देतं. प्लेराइटच्या तपासण्या ५ सेकंदांपर्यंत स्वतःच पुन्हा बघतात, जावातलं अवेटिलिटी १० सेकंद. वेटफॉरच्या आत फक्त बघा, क्लिक करू नका. ते फंक्शन अनेकदा चालतं, म्हणजे क्लिकही अनेकदा.

"घडत नाही" हे सिद्ध करणं त्याहून अवघड. दोनदा आलेल्या वेबहुकनंतर दुसरा एसएमएस जात नाही, हे किती वेळ थांबून ठरवणार? थांबू नका. दोन्ही वेबहुकनंतर त्याच रांगेत एक खुणेचा मेसेज टाका, वेगळ्या तिकिटाचा. रांग क्रमाने चालत असेल तर त्या तिकिटाचा एसएमएस दिसताच आधीचं सगळं उरकलेलं असतं, आणि तेव्हा मोजायचं.

पायरी ७: रद्द करणं आणि आवराआवर

प्रेक्षक मध्येच पान बंद करतो. चालू काम रद्द झाल्यावर धरलेली खुर्ची सुटली का, कनेक्शन परत गेलं का, हे तपासा. काम फाटकापाशी अडवा, रद्द करा, मग बघा. पायथनमध्ये कॅन्सल्डएरर ३.८ पासून बेसएक्सेप्शनखाली आहे, त्यामुळे साधं "एक्सेप्ट एक्सेप्शन" ते पकडत नाही. आवराआवर फायनलीमध्येच हवी, आणि रद्द करण्याची टेस्ट असली की ते लगेच उघडं पडतं.

टेस्ट स्वतःमागे काही सोडून गेली तर शिक्षा पुढच्या टेस्टला होते. खरं घड्याळ परत लावणं, सर्व्हर बंद करणं, चालू कामं संपवणं हे आफ्टरईचमध्ये ठेवा. टेस्टच्या शेवटच्या ओळीत नको, कारण मधे फेल झाली तर ती ओळ येतच नाही. टेस्ट संपूनही एका सेकंदात जेस्ट बाहेर पडला नाही तर तो तशी ओरड करतो. तेव्हा फोर्स-एक्झिट लावून त्याचं तोंड बंद करण्यापेक्षा डिटेक्ट-ओपन-हँडल्स लावून काय उघडं राहिलं ते शोधा. पायथनमध्ये असिंकआयओचा डीबग मोड चालू केला की १०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लूप अडवून ठेवणारे कॉलबॅकही लॉगमध्ये दिसतात. सर्व्हरला पोर्ट शून्य द्या, मोकळा पोर्ट ऑपरेटिंग सिस्टम देते.

पायरी ८: सीआयवर

अपाची प्रकल्पांमधल्या फ्लेकी (कधी पास, कधी फेल होणाऱ्या) टेस्टच्या दुरुस्त्या तपासणारा २०१४ चा एक गाजलेला अभ्यास आहे. त्यात वर्गवारी केलेल्या दुरुस्त्यांपैकी जवळपास निम्म्या एकाच कारणाच्या निघाल्या: असिंक कामाची नीट वाट न पाहणं. म्हणून फ्लेकी टेस्ट हाती आली की आधी तिथेच बघा.

ती घरी पकडायची असेल तर एकच टेस्ट शेकडो वेळा चालवा, कंटेनरला सीपीयू कमी द्या, टेस्टचा क्रम विस्कटा. एकटीने पास आणि सगळ्यांबरोबर फेल, तर आधीच्या कुणीतरी काहीतरी सोडलं आहे. सीआयवर आपोआप पुन्हा चालवण्याची सोय लावायचीच असेल तर दुसऱ्या फेरीत पास झालेल्या टेस्टची यादी रोज कुणाच्या तरी समोर यायला हवी. तशी यादी नसेल तर ती सोय काढून टाका. टेस्टचा कमाल वेळ, जेस्टमध्ये मूळचा ५ सेकंद आणि मोकात २, हा अडकलेली टेस्ट सोडवण्यापुरता आहे. फेल होते म्हणून तो ३० करणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं.

वेळेचाच भाग म्हणून टाइमझोन. लॅपटॉप भारतीय वेळेवर, सीआय बहुधा यूटीसीवर, फरक साडेपाच तासांचा. "आजचे प्रयोग" ही यादी मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तिथे कालची तारीख धरते. टेस्टमध्ये टाइमझोन स्पष्ट लावा आणि खोटं घड्याळ रात्री १२ वाजून ५ मिनिटांवर ठेवून एक टेस्ट लिहाच.

जुना प्रकल्प हातात असेल तर सगळं एकदम बदलायला जाऊ नका. टेस्टच्या फोल्डरमध्ये झोपेच्या ओळी शोधा: स्लीप, सेटटाइमआउट, वेट आणि पुढे आकडा. प्रत्येकीला विचारा, ही कशाची वाट बघते आहे? ते सांगता आलं तर त्या अटीची किंवा फाटकाची टेस्ट करा. सांगता आलं नाही तर ती ओळ काढून काय मोडतं ते बघा, बऱ्याचदा काहीच मोडत नाही. सुरुवात सगळ्यात मोठ्या आकड्यापासून करा. तिथे आधी लहान आकडा असतो, कुणीतरी वाढवत नेलेला, आणि गिटच्या इतिहासात तो कोणत्या फेल झालेल्या बिल्डनंतर वाढवला हे तारखेसकट लिहिलेलं सापडतं.